मामंजींच्या पानावरचा खटला

पालीला कोल्हापूरच्या रस्त्यावर गोदाकाकी रेवाळ्यांची खानावळ आहे. खानावळ म्हणजे चार टेबलं, एक पंखा आणि काकींची नजर. पानात भात टाकून उठणाऱ्याकडे त्या अशा बघतात, की माणूस परत बसतो.

अशा बाईवर खटला भरायचं सरकारच्या अन्न खात्यानं ठरवलं. आरोप काय, तर विक्रीचं अन्न उघडं ठेवलं आणि त्याला मुंग्या लागल्या.

झालं होतं असं. पितृपक्षात काकींच्या सासऱ्यांची तिथी होती. त्या दिवशी आमच्याकडे वाडी दाखवतात. म्हणजे गेलेल्या माणसासाठी केळीच्या पानावर सगळं वाढायचं, बाहेर ठेवायचं आणि कावळ्याची वाट बघायची. काकी वाडी ठेवत दारासमोरच्या फणसाखाली. रस्ता रुंद करताना फणस गेला, कावळ्यांनीही बिऱ्हाड हलवलं. म्हणून यंदा काकींनी पान ठेवलं स्वयंपाकघराच्या खिडकीत. कावळा आलाच नाही. आले ते निरीक्षक विनोद मोहिते, नवीनच नोकरीला लागलेले.

"हे कोणासाठी वाढलंय?"

"मामंजींसाठी."

"मग झाकलं का नाही?"

"झाकलं तर जेवतील कसे?"

"कधी येणारेत?"

"सकाळपास्नं वाट बघतेय. रुसलेत वाटतं."

वाडीच्या दिवशी माणसाला 'गेला' म्हणायचं नाही, ही काकींच्या घरची रीत. मुंग्या बघून मोहित्यांना बाकी काही सुचेना. त्यांनी लिहून घेतलं : गिऱ्हाईक मामंजी, येणे बाकी.

मुंबईहून मुलाचा, अनिलचा फोन आला. "आई, दंड भरून मोकळी हो. खटला उभा राहिला तर परवाना जाईल."

"दंड भरला म्हणजे मी लोकांना मुंग्या घालते हे कबूल केलं. मग तो परवाना ठेवून करू काय, त्याची आरती?"

काकींनी हरकत घेतली आणि एसटीनं रत्नागिरीला सुनावणीला गेल्या. मोहित्यांच्या वरिष्ठ मॅडमनी त्यांचा अहवाल वाचला.

"हे मामंजी साक्षीला येतील?"

"खिरीला आले नाहीत, तुमच्या हापिसात कसले येतायत!"

"राहतात कुठे?"

काकींनी बोट वर केलं.

"वरच्या मजल्यावर?"

"त्याच्याही वर, मॅडम."

मॅडमनी तारीख पाहिली, कॅलेंडर पाहिलं आणि शेवटी मोहित्यांकडे पाहिलं. मोहिते पंख्याकडे बघत होते.

"खटला भरायचा नाही," मॅडम म्हणाल्या. काकी उठायला लागल्या, तर त्यांनी बसवलं. "पण काकी, खिडकी स्वयंपाकघराची. तुमच्या मामंजींच्या खिरीवरून मुंग्या गिऱ्हाइकाच्या भातात जायला किती वेळ लागतो?"

काकींनी बोटांवर हिशेब केला. "ते माझं चुकलं खरं," म्हणाल्या. "जाळी बसवते. पान अंगणात ठेवीन."

जाळी बसली. मोहिते पाहायला आले. जाळी ओढून बघितली, पातेली बघितली, आणि काम संपलं तरी दारात घुटमळत राहिले. आत वालाची आमटी उकळत होती.

"जेवणार काय?"

"ड्युटीवर नाही जेवत आम्ही."

"मग ड्युटी संपवून या."

दुपारी ते खरोखरच आले, ओळखपत्र खिशात घालून. काकींनी ताट झाकून आणलं आणि झाकण त्यांनाच काढायला लावलं.

"बघ नीट. मुंगी?"

"नाही, काकी."

"मग जेव. गार होतंय."