आप्पांच्या मुठीतला तिसरा

रात्री किडे पकडायचे प्रकाशसापळे अकरा.
थर्माकोल लावलेल्या सागवानी पेट्या नऊ.
सायकलचे स्पोक घासून केलेले बारीक चिमटे दोन.
बंद पडलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्सचा मायक्रोस्कोप एक.

सगळं माझ्या हातचं. दहावी नापास, शिरूरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान. कुठल्या कॉलेजची पायरी चढलो नाही.

एवढ्या सामानाला जे दिसलं नाही, ते एका आंधळ्या माणसाच्या मुठीला कळलं होतं.

तो माणूस आज सकाळी गेला.

राहू गावचे आप्पा. माझ्या बायकोचे चुलते. अर्धं आयुष्य मेंढरांमागं, मग नदीकाठी ऊस. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते.

हुमणी आमच्याकडं लहान पोरालाही माहीत. मातीत राहून उसाची मुळं खाणारी पांढरी अळी. तिचाच पुढं तपकिरी भुंगेरा होतो.
पण सगळे भुंगेरे एका जातीचे नसतात. तेव्हा माझ्या मते आमच्या भागात दोन. एक निंबावर बसणारा, दुसरा बाभळीवर. बाहेरून जुळे भाऊ. नराचं पोट उघडून आतला भाग लेन्सखाली धरायचा, तेव्हा फरक कळतो. एकाला अर्धा तास.

मला याचा गर्व होता. होता कसला, आहे.

सत्त्याण्णव साली मी सापळ्यातले वीस भुंगेरे राहूला नेले. जिवंत. मिशीवरून निवडलेले सगळे नर. वीस काड्यापेट्या, वीस नंबर.

आप्पा म्हणाले, "द्या हितं, जावईबापू. दोनशे मेंढरं हातानं वळखायचो मी, तुमचं किडं काय!"

मूठ मिटली. कानाला लावली.

"निंबावरचा. मुकाट पुढं घुसतोय."

दुसरा. "बाभळीवरचा. आधी थांबला, मग मागं सरकला."

आप्पांची बायको, आमच्या काकू, चुलीपासून ओरडल्या, "एक डोळस, एक आंधळा, दोघंबी किड्यातच मेले!"

विसाव्याला मात्र आप्पांची मूठ बराच वेळ मिटलेली राहिली. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"ह्यो तिसरा हाय."
"आप्पा, तिसरी जात नाही."
"मंग ह्यो कोण हाय? गोल फिरतोय बगा. हात गार पडला माझा."

मी त्यांच्या हाताला हात लावला. मे महिना होता. हात खरंच गार होता.

घरी येऊन एकेक उघडला. एकोणीस तंतोतंत बरोबर. विसावा मला निंबावरचा दिसला. आतल्या भागाला एक खाच होती. माझ्याच चिमट्यानं तुटलं असेल म्हणून सोडून दिली.
पेटीत टोचला. चिठ्ठी लावली : निंबावरचा.

पुढच्या खेपेला आप्पांनी विचारलं, "तिसरा लिवला का?"

"लिहिला," मी म्हणालो.

ज्याला वाचता येत नाही, त्याच्याशी खोटं बोलणं किती सोपं असतं!

दर खेपेला तोच प्रश्न, तेच उत्तर. तीन वर्षं.

वर मी शहाणपणानं सल्लाही दिला होता. निंब आणि बाभळीवर औषध फवारा, भुंगेरे तिथंच मरतील, ऊस वाचेल. आप्पा एवढंच म्हणाले, "आन् जो झाडावर येतच न्हाई, त्यो?"
फवारलं मात्र मी सांगितलं तिथंच.

दोन हजार सालच्या दिवाळीत ते मला उसात घेऊन गेले. भर दुपार. ऊस डोक्याच्या वर, हिरवागार. वारा अजिबात नाही.

आप्पा गुडघ्यावर बसले, कान मातीला लावला.

"खात्यात."

मीही लावला. मी बघितल्याशिवाय काही मानत नाही, पण जे ऐकलं ते लिहितो. खाली कोणीतरी वाळका कागद चघळत होतं. एकजण नाही. सगळीकडून.

मी एक ऊस धरला. ओढलाही नाही, नुसता धरला. तो हातात आला. खाली मूळ नव्हतं. नुसती काठी रोवल्यासारखा उभा होता.
तेवढ्यात पलीकडं एक ऊस आपोआप आडवा झाला. मग त्याच्या पलीकडचा.

अर्धा एकर असाच उभा होता. हिरवा, आणि मेलेला.

अळ्या घरी आणल्या. निंबावरच्या, बाभळीवरच्या, दोन्ही अळ्यांना शेपटाकडं केसांच्या दोन सरळ ओळी असतात.
यांचे केस गोल मांडलेले होते.

मी विसावा पुन्हा काढला. खाच तुटल्याची नव्हती. जन्माची होती.

चिठ्ठी फाडली. नवी लिहिली : तिसरा. ओळखणारे आप्पा, राहू. मुठीवरून.

दुसऱ्या दिवशी राहूला गेलो. "आप्पा, लिहिलं."

"आता लिवलं व्हय?" ते हसले. "पयल्यांदा म्हणलासा तवा तुमी आधी थांबला व्हता. मंग मागं सरकला. बाभळीवरच्यावानी."

ऊस गेला त्याबद्दल एक शब्द नाही. त्यांच्या दृष्टीनं हिशेब चिठ्ठीचा होता.

आठ दिवसांपूर्वी भेटलो, तेव्हा अंथरुणावर होते. मूठ वर केली, माझ्या कानाला लावली.

"कोन हाय?"

आत काहीतरी फिरत होतं. हळू, गोल.

"तिसरा," मी म्हणालो.

त्यांनी मूठ उघडली. रिकामी होती.

आज काकू म्हणाल्या, आंघोळ घालताना उजवी मूठ कुणालाच उघडता आली नाही. तशीच मिटलेली नेली. मी खांदा दिला. कान लावला नाही.

रामराम, आप्पा.

एक तुम्हाला सांगायचं राहिलं. मागच्या वर्षी पुण्याचे एक कीटकसंग्राहक दुकानात आले होते. विसाव्याची पेटी हवी होती. अट एकच, चिठ्ठीवरून तुमची मुठीची ओळ काढायची आणि खाली फक्त माझं नाव लिहायचं.

पंचवीस हजार म्हणाले.

मी या वेळी थांबलो नाही. नाही म्हणालो.