हात तिचा, जीभ माझी

आमच्या बारामतीत स्पॅनिश पद्धतीचा वाइन बार निघाला तेव्हा गावात सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, आणि पुढं सगळ्यात जास्त जळलो तोही मीच. आता हे लिहायला बसलोय तरी जळतोयच. उगाच साधूचा आव कशाला आणू?

एमआयडीसीच्या रस्त्याला माझी मटणाची खानावळ आहे. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, आणि फक्त दुपारचं जेवण. कारखान्यांची पाळी सुटली की मोटारसायकलींची रांग लागते. सांगवीची, इंदापूरकडची पोरं असतात, भुकेनं कावलेली. आमच्याकडं रश्श्याला माप नाही. मी स्वतः पातेलं घेऊन फिरतो आणि वाटी रिकामी दिसली की ओततो. एखाद्यानं हातानं वाटी झाकून "बास बास" केलं तरी बोटांच्या फटीतनं ओततो. जेवून उठताना माणसानं पट्टा एक भोक सैल केला नाही, तर मला ते जेवण वाटत नाही.

हे सगळं करणारी माझी बायको, आणि ती माहेरची माळकरी. सासऱ्यांनी बैठकीतच सांगितलं होतं, "पोरगी खायाची न्हाय. करायला लागलं तर करंल, पण तिला कुणी आग्रह करायचा न्हाय." आम्ही कधी केला नाही. त्यामुळं आमच्या चुलीवर एक रीत पडून गेली. रस्सा ती करणार, पण चव मी बघणार. रोज उकळी फुटली की आतनं हाक यायची, "अवो, जरा बघता का?" मी हातातलं टाकून जायचो, पळीतला रस्सा तळहातावर घेऊन चाटायचो, डोळे मिटायचो. ती पदरानं घाम टिपत माझ्या तोंडाकडं बघत उभी राहायची. मग मी म्हणायचो, "मीठ टाक जरासं," नाहीतर, "बास, जमलंय." हात तिचा, जीभ माझी, असं मी गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचो. दिवसभरात ती माझ्याकडं तशी बघायची ती तेवढाच वेळ. तो वेळ मला दुसऱ्या कुणाला द्यायचा नव्हता.

आणि नेमकी ती वाइन बारवाली पोरगी आली. इंदापूरकडची, घरची द्राक्षबाग. पुण्यात हॉटेलचं शिकली, काही वर्षं स्पेनमध्ये काम केलं, आणि एवढं जग बघून दुकान टाकलं कुठं, तर बारामतीत! पुण्याहून रोज ये-जा करणारे साहेब लोक इथं खूप आहेत, ते संध्याकाळी घटकाभर बसतील, पेलाभर वाइन घेतील, बशीबशीनं काहीबाही खातील, असा तिचा हिशेब. तिच्याकडं काम करणारे सुतार आमच्यात जेवायचे. एकदा त्यांच्याबरोबर तीही आली. तिचा सोमवार होता. स्पेनला जाऊन आली तरी सोमवार सुटला नव्हता.

सोमवार धरणाऱ्या दोघाचौघांसाठी बायको भरलं वांगं करून ठेवायची. मी ते कधी तोंडाला लावलं नव्हतं. मटणाच्या खानावळीत वांगं कोण खातंय! त्या पोरीनं मात्र वाटी बोटानं पुसून खाल्ली, उठली, आणि थेट स्वयंपाकात गेली. आमच्या चुलीपाशी गिऱ्हाईक कधी जात नाही. ही बया कांद्याच्या पोत्यावर बसली आणि दोघींच्या अशा गप्पा लागल्या, जशा काय जत्रेत चुकलेल्या बहिणी.

रात्री बायको म्हणाली, "शुक्रवार, शनवार, रविवार सांजच्याला येता का म्हनती. जाऊ का?"

"जा की," मी म्हणालो. "नव्याचे नऊ दिवस. दिवाळीच्या आत कुलूप लागतंय."

दिवाळी झाली, संक्रांत झाली, कुलूप काही लागलं नाही. उलट गर्दी वाढली. गल्लीत कुणी विचारलं, "वहिनी दारूच्या दुकानात जात्यात व्हय?" तर मी त्याच्या अंगावर धावून जायचो, आणि घरी आलो की तेच वाक्य तिला ऐकवायचो. ती शांतपणे म्हणायची, "मी काय पेलं भरत न्हाय. वांगी भाजते."

घरात सारखं त्या पोरीचंच नाव. ताई असं म्हणाल्या, ताईंनी तसं शिकवलं. वयानं एवढी लहान पोरगी, तीही हिला ताई म्हणायची, आणि हीही तिला ताई! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मसाला माझ्या आईचा, हाताला वळण लावलं आम्ही, आणि आयत्या बिळावर नागोबा ही.

मग एका सकाळी रस्सा उकळला आणि हाक आलीच नाही.

मी आपला गल्ल्यापाशी कान देऊन बसलोय. शेवटी न राहवून आत गेलो.

"मीठ?"

"बगितलंय."

"कुणी?"

"वाफंवर कळतं आता मला. तितं शिकले."

मी पळी घेतली आणि चाटून बघितलं. खोटं कशाला बोलू, मीठ अगदी बरोबर होतं. तरी मी वर जरासं टाकलंच. त्या दिवशी गिऱ्हाइकांनी पाणी फार मागितलं.

आता ही जाते हातातनं, असं वाटलं. दुसरं तिसरं काही नाही, उद्या मी चुलीपाशी गेलो काय नि न गेलो काय, हिला फरक पडणार नव्हता. मग मी तिथं कोण? नुसता पातेलं फिरवणारा. शनिवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि मनाशी ठरवलं, बघून तरी येऊ काय सोनं वाटतात, आणि येताना हिला कायमची घेऊन येऊ.

जिना चढून वर गेलो. त्या पोरीनं लांबूनच ओळखलं. "दाजी! या, या. किती दिवस वाट बघतोय!" तिनं एका उंच स्टुलावर बसवलं. समोर भिंतीला मोठी खिडकी आणि खिडकीपलीकडं स्वयंपाकघर. तिथं माझी बायको डोक्याला फडकं बांधून उभी. मला बघून जरा दचकली, मग हसली, आणि परत कामाला लागली.

लाल वाइनचा पेला आला. त्याच्यामागं बश्या सुरू झाल्या. बशी कसली, प्रसादाची वाटी! आधी बोराएवढी हिरवी खारट फळं. मग भाजलेला पाव, त्यावर टोमॅटो नुसता चोळलेला. घातलेला नाही, चोळलेला! मग तळलेल्या मिरच्या, वर जाडं मीठ. ह्या तर आमच्याकडं वड्याच्या गाडीवर फुकट मिळतात. मग भाजलेल्या वांग्याचं काहीतरी, लसणीचा वास येणारं.

आपल्याकडच्या बारची रीत मला ठाऊक. पेल्याबरोबर चकणा येतो, शेंगदाणे, काकडी, फुटाणे. शहाणा माणूस चकण्यानं पोट भरत नाही, जेवण मागनं येतं. म्हणून मी बशीतलं एकेक चिमूट उचललं, बाकीचं तसंच ठेवलं, भूक राखली. पोऱ्यानं विचारलं, "नेऊ का?" तर म्हणालो, "ने की." सगळ्या बश्या तशाच आत गेल्या. वांग्याला तर मी हातही लावला नव्हता. मग बाह्या दुमडल्या आणि बसलो.

बराच वेळ काहीच येईना. शेवटी मी मोठ्यानं विचारलं, "ताट कवा येनार?"

शेजारचे साहेब लोक हसले. ती पोरगी पळत आली. तीही हसत होती, पण मायेनं. "दाजी, तेच जेवण होतं की!"

माझं तोंड असं झालं, विचारू नका. वर बघितलं तर खिडकीत बायको उभी, आणि तिच्यापुढं माझ्या परत आलेल्या भरल्या बश्या. ती तेवढी हसत नव्हती. वांग्याच्या बशीकडं बघत होती.

थोड्या वेळानं ती स्वतः बाहेर आली. नवी बशी भरून आणली, माझ्यापुढं ठेवली. "खावा. माझ्या हातचं हाय."

मी खाल्लं. वर जरा करपवलेलं, आत लोण्यासारखं मऊ वांगं, लसूण, आणि कुठूनतरी हलकी आंबट चव. एवढी चांगली चीज माझ्या बायकोनं केली होती आणि त्यात माझा काडीचा हात नव्हता. दुसरा कुणी असता तर वा म्हणाला असता. मी म्हणालो, "मीठ कमी हाय."

तिनं माझ्या बशीतनं बोटभर उचललं, सगळ्यांदेखत चाटलं, जराशी थांबली. "न्हाय," ती म्हणाली. "बरोबर हाय."

त्या पोरीनं तिला लवकर सोडलं. खाली गाडीपाशी आलो. मी किल्ली लावून बसून राहिलो. चालू करायचं सुचेना.

"तुमाला एक सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "मटनाला दुसरं मानूस बगा."

"का? झेपंना का दोन्हीकडं?"

"झेपतंय. मला त्यो वास सोसत न्हाय."

"कवापासनं?"

"पयल्यापासनं."

"मग रोज माझ्या तोंडाकडं बगत हुबी ऱ्हायाचीस ती?"

"तुमी 'बास' म्हनला की मला भाईर वाऱ्याला जाता यायाचं." ती हे रागानं बोलली नाही. रोजचं काही सांगावं तसं सांगितलं.

मला एकच आठवलं आणि तेच विचारलं. "हे तिला ठावं हाय?"

"ताईंना? व्हय. पयल्याच दिवशी इचारलं त्यांनी. कशाचा वास सोसत न्हाय ते आधी सांगा, म्हनल्या, ते तुमच्याकडं देत न्हाय."

ती मागं बसली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला बायकोचा राग आला नाही. राग आला तो त्या पोरीचा. इतकी वर्षं माझ्या घरात पडून असलेला प्रश्न तिनं येऊन पहिल्याच दिवशी विचारला. मटणाला मी आता आचारी ठेवलाय, पण त्या पोरीवरचं माझं जळणं काही थांबत नाही.