खुंटीवरचा टॉवेल

मी जन्मभर संगणकाचे ड्रायव्हर लिहिले, पण त्यातला पहिला नियम शिकलो तेव्हा माझ्या अंगावर साबणाशिवाय काही नव्हतं.

(हा ड्रायव्हर एसटीचा नव्हे! प्रिंटरसारखं यंत्र संगणकाला जोडून देणारा प्रोग्राम. त्यात एकच वस्तू अनेकजण वापरतात. शेवटचा वापरणारा सुटेपर्यंत ती मोडायची नाही, आणि सगळे सुटल्यावर अडवून ठेवायची नाही.)

हे शास्त्र आमच्या कुंडलच्या विहिरीवर सत्तरच्या दशकातच होतं. चार घरांत मिळून एक मोटर. फौजेतून सुभेदार होऊन परतलेल्या थोरल्या काकांनी नियम घातला होता : पाणी घेणाऱ्याने स्टार्टरशेजारच्या खुंटीवर आपली टोपी नाहीतर टॉवेल अडकवायचा, आणि जाताना ज्याचा त्यानेच काढायचा. खुंटी रिकामी असेल तरच मोटर बंद. काकांचा मला आजही अभिमान वाटतो.

त्या दिवशी माधवनगरहून मला सांगून आलेल्या मुलीचे वडील आमचं घर बघायला येणार होते. मी आंघोळीला गेलो. मोटर चालू होती, खुंटीवर काकांची टोपी होती. मग मी कशाला टॉवेल अडकवू? इंजिनिअरिंगला होतो ना! टॉवेल बाभळीवर टाकला आणि उसापलीकडे पाइपाखाली बसून नखशिखांत साबण फासला. इकडे काकांनी टोपी उचलली, रिकामी खुंटी पाहिली आणि मोटर बंद केली.

पाइपाचं पाणी थांबलं. मी डोळे मिटून, टॉवेल गुंडाळून, उसातून चाचपडत स्टार्टर गाठला. मोटर लावली. आता शहाणा झालो होतो, म्हणून टॉवेल खुंटीवर अडकवला. आंघोळ उरकली, उशीर झाला म्हणून ओल्या अंगावरच कपडे चढवले आणि घरी पळालो. टॉवेल तिथेच राहिला.

मोटर चालूच राहिली आणि पाण्याने पाट फुटला. वाटेचा चिखल झाला आणि पाहुण्यांची गाडी त्यात रुतली. मुलीचे वडील गिरणीत फिटर. चपला हातात घेऊन ते पंपापाशी आले. काका स्टार्टरशेजारी ताठ उभे.

“आवं, बंद करा की मोटर.”

“खुंटीवर टावेल हाय,” काका म्हणाले. “कुनीतरी पानी घेतंय.”

चारही घरं टॉवेलवाल्याला उसात शोधत होती, आणि टॉवेलवाला घरी तोंडाला पावडर लावत होता! हाका ऐकून धावलो आणि पाहुण्यांदेखत टॉवेल काढला. काकांनी लगेच मोटर बंद केली. स्थळ हातचं गेलं, असं मी धरून चाललो.

फिटरांनी खुंटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “घर शिस्तीचं हाय,” ते काकांना म्हणाले. “पोराला आमची पोरगी शिकवंल.”

पुढे माझ्या ड्रायव्हरमध्ये वापरातली वस्तू कधी मोडली नाही, की सुटलेली अडकून राहिली नाही. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी हे भरसभेत सांगितलं. माझी छाती फुगली. तेवढ्यात बायको शेजारच्या बाईंना शांतपणे म्हणाली, “ओला टॉवेल मात्र अजून रोज पलंगावरच असतो.”