डांबरावरची खडूची रेघ

आमच्या रस्त्यावर गाड्या बंद करायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात मोठा आवाज माझ्या थोरल्या आत्याचा होता. अर्थात विरोधातला. तिचं शिवणाचं दुकान रस्त्याच्या एकाच बाजूला, पण तोंडाचा पट्टा दोन्ही बाजूंना पुरणारा. पालिकेच्या साहेबांना तिने भर सभेत सुनावलं, "रस्ता गाड्यांचाच असतो. माणसांना घरं आहेत की!"

तिच्या रागामागची काळजी आम्हा घरच्यांना ठाऊक होती. रस्त्यापलीकडे, अगदी समोर, धाकटी आत्या राहते. दोघींनी जन्मभर एकाच दुकानात काम केलं. थोरली कापायची, शिवायची. धाकटी काजं-बटणं करायची. पुढे रस्ता रुंद झाला आणि मधोमध लोखंडी जाळी आली. समोरच्या दारात जायचं तर रिक्षाने पुलाखालून वळसा! तरीही धाकटी रोज यायची. मग तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू जड झाली. डॉक्टर म्हणाले, रोज चालवा. पण चालवणार कुठे? फुटपाथवर गाड्या उभ्या, खाली गाड्या धावताहेत. धाकटी खिडकीशी बसून राहिली आणि हळूहळू बोलेनाशी झाली. थोरली रोज संध्याकाळी रिक्षा करून तिच्याकडे जायची. रिक्षा बंद म्हणजे बहीणही बंद, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"काही महिने करून तर बघू," असं म्हणत पालिकेने जाळी काढली.

पहिल्याच संध्याकाळी आत्याने सवयीने रिक्षावाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, मला आत सोडत नाहीत. आणि समोरच तर जायचंय, चाला की!" आत्या पायरीवर आली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे. रस्त्यात दोन मुली सायकल शिकत होत्या, बाकी कोणी नाही. तरी ही बाई हात वर करून, नसलेल्या गाड्यांना थांबवत पलीकडे गेली. दुकानात बसून मी पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी तिने धाकटीला खाली आणलं. दारापासून थोडं चालून धाकटी थांबली. "बास, ताई." आत्याने कापडावर खुणा करायचा चपटा खडू काढला, वाकून बहिणीच्या पायाशी डांबरावर रेघ मारली आणि म्हणाली, "आजचं माप झालं. उद्या जरा सैल बेतू."

मग हे रोजचंच झालं. रेघ कधी पुढे सरकायची, कधी रुसून मागे यायची. फळवाला आपलं स्टूल रेघेजवळ आणून ठेवायचा. सायकलवाले तिथे पोचले की खाली उतरायचे. पण जिथे पूर्वी जाळी होती, तिथे आल्यावर धाकटीचा पाय अडायचा. जाळी रस्त्यावरून गेली होती, तिच्या मनातून नाही. थोरलीने समजावलं, रागावली, रडलीसुद्धा. रेघ तिथेच गिरवली जात राहिली आणि मुदत संपत आली.

पुन्हा सभा भरली. विरोधकांनी मोठ्या विश्वासाने आत्यालाच पुढे केलं. ती उठली आणि म्हणाली, "माझी बहीण अजून रस्त्याच्या मध्यावर आहे. ती पोचायच्या आत कुणी गाडी आणली, तर मी आडवी पडेन." खाली बसताना तिने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली.

तिच्यामुळे कुणाचं मत फिरलं की नाही, देव जाणे. फळवाल्याचा धंदा वाढला होता, तेही कारण असेल. पण रस्ता बंदच राहिला. पालिकेला मी एरवी शिव्याच घालते. मात्र ती जाळी उपटणारे मजूर आठवले की आजही मन भरून येतं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

त्यानंतर एका सकाळी थोरली मशीनवर वाकली होती. दाराशी काठी टेकल्याचा आवाज आला. पाहते तो धाकटी! मागे फळवाला, हात जरा पुढे धरून, पण तिला न शिवता. ती घामाघूम होती. आपल्या जुन्या खुर्चीत बसली, टेबलावरचा सदरा डाव्या हाताने ओढला आणि डोळ्यांजवळ नेला.

"ही काजं कुणी केली?"

"मीच," थोरली कशीबशी म्हणाली.

"उसव."

"उसवते गं, बाई," आत्या म्हणाली. "सगळी उसवते." आणि डोळे पुसायला तिने तोच सदरा उचलला.