वाडीला आलेला पतंग

सर्वपित्रीला आमच्या गावात कावळे भाव खातात. पोलादपूर सोडून उमरठच्या वाटेला लागलं की घरोघरी कौलांवर पितरांची वाडी, म्हणजे केळीच्या पानावर भात, वडा, खीर. आणि कावळे मोजकेच. बाबांची वाडी सकाळीच ठेवली होती. 'काव काव' करून धाकट्या भावाचा घसा बसला, तरी कुणी फिरकेना. वाडी शिवल्याशिवाय आई जेवणार नव्हती. तिला साखरेचा आजार, गोळी घेऊन झालेली. हात थरथरायला लागतात का, तेवढंच आम्ही बघत होतो.

भावाने रीतीप्रमाणे कबुल्या द्यायला घेतल्या. "बाबा, जमीन विकणार नाय! आंबा तोडणार नाय!"

"स्लॅब घालनार नाय म्हन," आई म्हणाली.

भावाने अंगणाकडे बघितलं. त्याचं सिमेंट येऊन पडलं होतं.

सर आली म्हणून पान उचलून पडवीच्या कठड्यावर आणलं, तर शेजारच्या खांबावर पतंग बसलेला. माझ्या दोन पंजांनी झाकला नसता एवढा. रंग घासलेल्या तांब्याचा, त्यात गुलाबी रेघा, कडा पिवळ्या, पंखांत काचा बसवल्यासारखे आरपार त्रिकोण. पंखांची टोकं म्हणजे सापाची डोकी.

आई पदर सावरत उठली. "आले," एवढंच म्हणाली.

कुठलीही भावनेची वेळ आली की माझा हात फोनकडे जातो, ही घरातली जुनी तक्रार. मी फोटो काढला. फोनने पहिल्यांदा 'वाळलेलं पान' असं ओळखलं. दुसऱ्यांदा नाव बरोबर आलं: ॲटलास पतंग.

"नर की मादी?" बायकोने कानात विचारलं.

"नराच्या मिशा पिसासारख्या असतात. ह्याच्या बारीक आहेत. मादी."

"मग मामंजी कसे?"

"हळू बोल गं."

मग पुढचं वाचलं आणि फोन खिशात टाकला. हा पतंग काही खातच नाही. अळी असताना खाल्लेलं असतं, त्यावरच चार दिवस काढतो. तोंड असून नसल्यासारखं.

आई पान खांबाजवळ सरकवत होती. "घ्या हो. वेलची घातलेय." थोड्या वेळाने आणखी सरकवलं. हात थरथरायला लागले होते. भाऊ मला खुणा करत होता, दादा, काहीतरी बोल. न सांगावं तर ती उपाशी, सांगावं तर दारात आलेला माणूस मी हाकलल्यासारखा. घरातला शिकलेला मी, आणि मला धड खोटंही सुचेना.

"आई, त्याला खाता येत नाही गं. तोंडच नसतं."

ती खांबाकडेच बघत होती.

"महाडला दवाखान्यात त्यांना तरी कुठं येत होतं? नळी होती. तरी मी रोज डबा न्यायची. झाकन उघडून ठेवायची, वास तरी जाईल म्हनून." मग माझ्याकडे वळून, "याला वास येतो का रे?"

मी फोन काढला नाही. "येतो," म्हणालो.

"मग घेऊ दे."

बायकोने ताट पुढे केलं. आईने खिरीत बोट बुडवून तोंडात घातलं. "साखर कमी झालेय," म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला. आम्ही तिघं शेजारी उभे होतो. वाढायला वाकायचंही कुणाला सुचलं नाही.