मिटलेला शिंपला

नववीत शाळा सोडून, बाबांशी भांडून परभणीहून समुद्रकाठच्या काशीदला आलो आणि एका खानावळीत तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, धुवायला लागलो. तिथं एकदा जेवायला आलेल्या वयस्कर काकांनी खिशातून दगड झालेला शिंपला काढून ताटाशेजारी ठेवला.

मालकीण मावशी हसल्या, "काका, ही उकडून उघडायची न्हाय हां!"

काकाही हसले. "तुमच्या तिसऱ्या मेल्यावर उघडतात. हा दिसतो शिंपल्यासारखा, पण जीव वेगळा; मेला की मिटायचा. माझ्या मुलानं हिमालयात गोळा केला. तिथं पूर्वी उथळ समुद्र होता." मग शिंपल्याच्या फटीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "मुलगा तिकडंच दरडीखाली गेला. आमचं बोलणं बंद होतं."

भात त्यांनी तसाच ठेवला.

त्या काकांचे उपकार, त्याच संध्याकाळी मी घरी फोन लावला. बाबांनी उचलला. बोलायला काही नव्हतं, तरी मी ठेवला नाही.