दाढी काढायची राहिली

"आपल्याला काय, नुसतं उभं राहायचं," हे त्याचं कायमचं वाक्य. ओव्हरटाइम लागला तरी हेच, युनियनच्या गेट मीटिंगला ओढून नेलं तरी हेच. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात तो ड्रिलिंग मशीनवर होता आणि मी इन्स्पेक्शनला. त्याने होल मारायचे, मी ते मापून पार्टवर ओकेचा शिक्का मारायचा. कधी माप चुकलं तर मी पार्ट परत पाठवायचो आणि तो मला दिवसभर 'साहेब' म्हणून छळायचा.

तो ख्रिश्चन. दसऱ्याला मशीनची पूजा असायची तेव्हा सगळ्यात लख्ख पुसलेलं मशीन त्याचं असे, पण कुंकू लावायची वेळ आली की हा चार पावलं मागे. "कुंकू तुम्ही लावा, पेढ्याचं मी बघतो," म्हणायचा. पेढ्याच्या बाबतीत त्याने कधी आळस केला नाही.

'नुसतं उभं राहायचं' हे वाक्य त्याला कुठून चिकटलं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. दर गुड फ्रायडेला त्यांच्या चर्चच्या आवारात येशूच्या शेवटच्या दिवसाचा देखावा व्हायचा आणि येशू व्हायचा हा. नाताळ झाला की केस-दाढी वाढवायला लागायचा. सेफ्टीवाले ओरडायचे, मशीनमध्ये केस जातील म्हणून टोपी घालायला लावायचे. देखाव्यात त्याला एक अक्षरही बोलायचं नसे. पडद्यामागून एक जण माइकवर शास्त्र वाचायचा, आणि हा पांढरा झगा घालून उभा.

मी पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा हसू आवरायला रुमाल तोंडाशी धरून ठेवला होता. म्हटलं, सकाळी माझ्याशी दोन पार्टांवरून भांडलेला माणूस हा! पण त्याच्या खांद्यावर क्रूस चढला आणि माझा रुमाल खाली आला. त्या चेहऱ्यात काहीतरी होतं खरं. कार्यक्रम संपल्यावर दोन म्हाताऱ्या त्याच्या पायाशी वाकल्या, तसा तो दचकून मागे सरला. "नका हो मावशी. मी कंपनीतला माणूस आहे."

त्या वर्षी कोणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो काढला, डोक्यामागे उजेड सोडला आणि ग्रुपवर टाकला. आठवडाभरात तो फोटो कुठे कुठे फिरून आला. त्याच्या आईने तो मोठा करून घेतला, फ्रेम केला आणि खाटेसमोर लावला. म्हातारी मूळची एकलहऱ्याकडची, लग्नानंतर बाप्तिस्मा घेतलेली. रोज सकाळी ती त्या फोटोपुढे हात जोडायची.

"आई, अगं तो मी आहे," हा वैतागून म्हणायचा.

"मला ठावं हाय. मीच जन्माला घातलंय तुला," ती म्हणायची. "पन फोटोत तू नाय."

तुम्हीही हसला असतात. मीही हसलो. तो मात्र हसला नाही.

पुढे चर्चला नवीन पास्टर आले. तरुण, हुशार, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी आधी ईस्टरला पडद्यावर दाखवायचा सिनेमा बंद केला, मग देखाव्याचा विषय काढला. येशू दिसायचा कसा, हे शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. म्हणजे आपण अंदाजाने एक चेहरा द्यायचा आणि मग त्याच अंदाजाला हात जोडायचे. मूर्ती करू नका ही आज्ञा फक्त दगडापुरती आहे का, असा त्यांचा सवाल होता.

कँटीनमध्ये त्याने मला हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, "काय घेऊन बसलास? आमच्या गणपतीच्या देखाव्यात शंकर झालेला माणूस जटा काढून पडद्यामागे तंबाखू मळतो. लोक त्याला बघतात आणि तरीही हात जोडतात. देवाला कळतं रे कोण कोण आहे ते."

"तुमचं बरं आहे," तो म्हणाला. "आम्हाला स्पष्ट ताकीद आहे. आणि पास्टर खोटं बोलत नाहीत. माझ्याच घरात आई माझ्या फोटोला प्रभू म्हणते. याला काय म्हणायचं मग?"

"मग सोड."

"सोडणारच आहे. एवढा यंदाचा देखावा झाला की दाढी काढणार."

तो देखावा झाला, पण दाढी निघाली नाही.

कारण त्या हिवाळ्यात म्हातारीचं भान जायला लागलं होतं. आधी ती गॅस विसरली, मग रस्ता, मग माणसं. कंपनीचे निळे कपडे घालून हा दारात आला की विचारायची, "कोन पायजे?" वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, घास पुढे केला की दात आवळून घ्यायची. सलाइन लावायला नेलं तर सुई उपटून टाकली. अंगावर हाडं तेवढी उरली. डॉक्टर म्हणाले, पोटात जाईल तेवढं जाऊ द्या, दुसरा उपाय नाही.

गुड फ्रायडेला तो तसाच, झगा न बदलता घाईघाईने घरी गेला. म्हातारीने त्याच्याकडे बघितलं, समोरच्या फोटोकडे बघितलं आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. "प्रभू," म्हणाली, "लय वाट पाहिली." त्याने तिथेच पडलेली खिमटीची वाटी उचलली. तिने तोंड उघडलं. सगळी वाटी संपवली.

दुसऱ्या दिवसापासून रोज हेच. झगा नसला तरी चालायचं. केस आणि दाढी पाहिजे. वहिनींनी एकदा सहज त्याचे केस मागे बांधून दिले, तर त्या जेवणाला म्हातारीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली. देखावा होऊन गेला तरी हा येशू होऊन का फिरतो? पास्टर घरी आले. त्याने त्यांना बसवलं आणि त्यांच्यासमोरच आईला भरवलं. ती एकेक घास घेताना 'प्रभू' म्हणत होती. पास्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं वहिनींनी मला सांगितलं. पण उठताना ते म्हणाले, "भाऊ, तिला खरं सांगायला हवं. हा मान तुमचा नाही."

"माझा नाहीच," तो म्हणाला. "पण दाढी काढली तर ती जेवणार नाही."

पास्टर निघून गेले. मला त्या दोघांचंही वाईट वाटतं. दोघांतलं कोणी खोटं नव्हतं.

त्या दिवसांत त्याचं काम बिघडलं. होल सरकायला लागले. मी पार्ट परत पाठवायचो तर 'साहेब' म्हणणंही त्याने सोडलं होतं. एकदा पहिली पाळी सुटल्यावर गेटाबाहेरच्या टपरीवर चहा हातात तसाच धरून तो बोलला ते असं.

आदल्या संध्याकाळी जेवताना आईने त्याचा हात धरला होता. म्हणाली, "प्रभू, एक सांगायचं ऱ्हायलं. लेकराला बोर्डिंगात टाकलं मी. दुसऱ्या नवऱ्याला ते नको व्हतं. सुट्टीला सगळ्यांच्या आया आल्या. मी बी गेले व्हते. ते गेटाच्या आत बसलं व्हतं पेटी घेऊन. मी लांबून बघितलं आन तशीच माघारी आले. त्याला वाटलं, आईला सुट्टी नाय भेटली. मला माफी दे."

बोर्डिंगमधली ती सुट्टी त्याला आठवत होती. आईला कामावरून रजा मिळाली नाही, हेच तो जन्मभर धरून चालला होता. मलाही त्याने कधीतरी कौतुकाने सांगितलं होतं, आमच्या आईने फार कष्ट केले, तिला साधी रजा मिळायची नाही.

"मग?" मी विचारलं.

"मी म्हटलं, आई, मीच तो. मी तुझा मुलगा. मी माफ केलं. तर घाबरली. म्हणाली, थट्टा करू नको प्रभू, पोरगं कामाला गेलंय."

चहावर साय धरली होती.

"मग मी तिच्या डोक्यावर हात ठेवला," तो म्हणाला, "आणि म्हटलं, तुला क्षमा झाली आहे. त्याच्या आवाजात. म्हणजे त्याचा आवाज मला काय माहीत? माइकवर वाचतात तसा. ती झोपली. लहान मुलासारखी झोपली रे."

मग त्यानेच विचारलं, "तू नसताना तुझा शिक्का मी पार्टवर मारला तर?"

"तर गुन्हा आहे."

"पार्ट चांगला असला तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्या विषयात मी त्याच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो. म्हटलं, "चांगला पार्ट कोणी फेकत नाही. पण शिक्का कोणी मारला, हे विचारतात."

"विचारतील," तो म्हणाला आणि चहा ओतून दिला.

म्हातारी पुढे थोडेच दिवस होती. शेवटपर्यंत जेवली. मातीच्या वेळी तो आला तेव्हा दाढी गुळगुळीत, केस बारीक. क्षणभर मीही त्याला ओळखलं नाही. फ्रेममधला फोटो त्याने काढून टाकला. देखावाही बंद झाला. पास्टर पुन्हापुन्हा घरी येत, त्याच्याशेजारी बसत. पण तो चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायला लागला आणि प्रार्थनेला सगळे उभे राहिले की बाहेर जायचा. "माझ्याच्याने त्याच्यासमोर जाववत नाही," एवढंच वहिनींना म्हणायचा. कामावर हातात मशीनचा दांडा धरून नुसता बघत राहायचा. गेल्या पावसाळ्यात छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोहोचायच्या आत तो गेला.

दफनभूमीत पास्टरांनी प्रार्थना केली. लोकांनी मूठ मूठ माती टाकली. मीही टाकली. मग वाटलं, आपणही याच्यासाठी दोन शब्द बोलावेत. आपल्या देवाशी नाही, ज्याला हा इतका भ्यायला होता त्याच्याशी. याला रागावू नका, म्हातारी उपाशी होती, एवढंच सांगायचं होतं मला.

मी डोळे मिटले, हात जोडले. येशूचा चेहरा आठवायला लागलो. कॅलेंडरवरचा आठवून बघितला, दुकानातल्या चित्रातला आठवून बघितला. एकही येईना. समोर आला तो हाच, दाढी वाढलेला, हातात खिमटीची वाटी घेऊन. मी दोनदा डोळे उघडून पुन्हा मिटले. तोच. शेवटी मी त्यालाच सांगितलं.